तिसऱ्या पक्षाचा जबाब

"दर्शनाऽऽ, चहा फलाटाला लागला काय?"

ओटीवरून ही घोषणा झाली की संदेशच्या घरात दिवस उजाडायचा. घोषणा करणारे आप्पा म्हणजे संदेशचे सासरे, खेड एस.टी. आगाराचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण आगार काही सुटलं नव्हतं. मुलीकडे राहायला आल्यापासून त्यांनी न्हाणीघराला आरक्षण लावलं होतं आणि डाळ-तांदळाचे डबे मार्गानुसार लावून घेतले होते. जेवणाला उशीर झाला तर ते रागवत नसत. फक्त भिंतीकडे बघून म्हणत, "गाडी विलंबाने धावत आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

प्रवासी एकच होता. तो खाटेवर डावा पाय उशीवर ठेवून पडला होता.

संदेश सावर्ड्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात कामाला. उभं आयुष्य लोकांना स्क्रू विकण्यात गेलं. मग एक दिवस तो घरामागच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, पडला, नडगीचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी आत एक पट्टी घालून तिला स्क्रू मारले. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो स्क्रूच्या कंपनीचा.

इस्पितळाचं बिल आप्पांनी भरलं. कोणी न मागता, कपाळाला आठी न घालता. तिथेच संदेश संपला. ज्याने आपला पाय जागेवर आणला त्याला 'आप्पा, पंखा थोडा इकडे फिरवू का?' असं कुठल्या तोंडाने विचारणार? पंखा आप्पांकडे गेला. मग रिमोट गेला. मग खिडकीकडची बाजू गेली. आप्पा प्रेमळ होते, हेच तर दुखणं होतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"बिलाची काळजी करू नका हो, जावईबापू," ते दिवसातून अनेकदा सांगत. "काही घाई नाही. विम्याचा क्लेम आला की द्या. तोवर मी आहेच इथं."

संदेशची झोप त्या 'तोवर'ने उडवली होती. क्लेम आला की आप्पा खेडला. नाही आला तर आप्पा इथेच. हिशोब इतका सरळ होता की एकदा भाकरी थापता थापता दर्शनाही हळूच म्हणाली, "माझे बाबा आहेत, मला जड नाहीत. पण तुम्ही त्या क्लेमचं तेवढं बघा."

क्लेमचं बघायचं तर कंपनीला फोन करायला हवा होता, आणि फोन करायचा तर गडग्याशी जायला हवं होतं.

वाडी अशी खोलगट जागी होती की रेंज वरच्या वरून निघून जायची. अख्ख्या वाडीत ती एकाच जागी थोडी टेकायची: संदेशच्या घरामागे, जांभ्याच्या गडग्यावर, किंजळीच्या झाडाखाली. झाडाच्या बुंध्याशी राखणदाराचा दगड. वाडीचं राखण करणारा तो, त्याला वर्षाचा नारळ द्यायचा अशी जुनी रीत. गडग्यावर सारखं चढायला नको म्हणून वाडीने आंबे काढायच्या झेल्याला नवा धंदा लावून दिला होता. लांब काठी, टोकाला जाळी. जाळीत फोन ठेवायचा, झेला फांदीला टेकवायचा आणि मेसेज पिकले की खाली उतरवायचे. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर मात्र चढणं आलं. त्या दिवशी फोन वाजला, संदेश चढला, बोलता बोलता पायाखालचा चिरा निसटला आणि पुढचं सगळं झालं.

फोन कोणाचा होता, हे त्याला कोणी विचारलं नाही. फॉर्ममध्येही तसा रकाना नव्हता. आणि त्या फोनवर आपण काय बोललो ते आठवलं की संदेशला पायापेक्षा कानात जास्त ठणका लागायचा, म्हणून त्यानेही ते पोटात ठेवलं होतं.

तर संदेशची खुर्ची गडग्यापाशी नेली. फोन स्पीकरवर टाकून जाळीत ठेवला. आप्पांनी झेला वर धरला.

"मराठीसाठी तीन दाबा," झाडातून आवाज आला.

आप्पांनी झेला खाली घेतला. संदेशने तीन दाबलं. रेंज गेली. फोन कटला.

असं पुष्कळदा झालं. आप्पांचे दंड भरून आले. शेवटी दर्शनाला शोध लागला की काहीच दाबलं नाही, नुसतं गप्प बसून राहिलं, की कंटाळून एखादा खराखुरा माणूस येतो.

"नमस्कार सर," झाडातून एक गोड आवाज आला. "आपला पॉलिसी क्रमांक सांगा."

संदेशने मान वर करून तो बोंबलून सांगितला. तीनदा सांगावा लागला. संध्याकाळपर्यंत वाडीतली पोरं तो पाढ्यासारखा म्हणत होती.

"सर, आपला आवाज फार लांबून येतोय."

"लांबून नाही, खालून!" संदेश ओरडला.

"बरं सर. अपघात कशामुळे झाला?"

संदेशने श्वास घेतला. तेवढ्यात गडग्यापलीकडून उत्तर गेलं. पलीकडे त्याच्या चुलत्याची म्हातारी सासू, यमुनाबाई, पाचोळा गोळा करत होती. तिचा आवाज असा की तिला झेल्याची गरज नव्हती.

"अपघात कसला, गो बाय? राखणदारानं पाडलान त्याला!"

झाडातून कळफलकाची टकटक ऐकू आली.

"सर, म्हणजे घटनेत तिसऱ्या व्यक्तीचा सहभाग आहे का?"

"नाही हो! तसं काही—"

"हाय कसा नाय? पाडलान!"

"नोंद केली आहे, सर. आपल्याकडे तपास अधिकारी येतील. आपला दिवस शुभ असो."

तपास अधिकारी म्हणून आले चौगुले. माणूस कोल्हापूरचा, नेमणूक रत्नागिरीला. घाटाखाली आल्यापासून त्यांचा शर्ट म्हणे एकदाही वाळला नव्हता. कोकम सरबताचा पेला दोन्ही हातांत धरून ते ओटीवर बसले आणि जगाला कंटाळलेल्या माणसाच्या मायेने बोलायला लागले.

"घाबरू नका. सोपं हाय. अपघात म्हंजे काय, ते पॉलिसीत लिवलंय. घटना आकस्मिक पायजे, अनपेक्षित पायजे, कारण बाहेरचं पायजे आणि डोळ्याला दिसणारं पायजे. ही चार चाकं. चारी जाग्यावर असली की गाडी सुटली."

"वा!" आप्पा सरसावून बसले. "हे तुम्ही आमच्या भाषेत बोललात."

"पाय घसरला, पडला, असं एका साक्षीदारानं सांगितलं की झालं बगा. पडताना कोण होतं शेजारी?"

यमुनाबाई पदर खोचून पायरीवर बसलेलीच होती. संदेशने तिच्याकडे हात जोडून पाहिलं. तिने डोळ्यांनीच त्याला धीर दिला. जन्मात तिने खोटी साक्ष दिली नव्हती, आणि घरच्या पोरासाठी तर आज जीव तोडून बोलायचं असं तिने ठरवलं होतं.

"आजी, हे सगळं अचानक झालं न्हवं?"

"अचानक कसला? तीन वर्सं सांगत होते त्याला. नारळ ठेव रे, नारळ ठेव. ठेवलान नाय."

"म्हंजे असं काय होईल, ही अपेक्षा होती?"

"अपेक्षा काय? वाट बघत होते मी!"

चौगुल्यांनी लिहून घेतलं. संदेशने डोळे मिटले.

"बरं. पाडताना तो कसा दिसत होता? म्हंजे, काय दिसलं का?"

"दिसतो होय तो कुणाला? दिसला तर राखणदार कसला मेला?"

"खरं, बाहेरून तरी आला असंल?" चौगुल्यांचा आवाज आता विनवणीचा झाला होता.

"बाहेरून?" यमुनाबाईला हा वाडीचा अपमान वाटला. "तो कशाला बाहेरून येल? आमच्या खापरपणजाच्या आधीपासून इथलाच आहे तो. बाहेरचे तुमी."

आप्पांनी बोटं मिटली. "चारही चाकं निखळली," ते म्हणाले.

चौगुल्यांनी दुसरा साक्षीदार मागितला. दुसऱ्याने यमुनाबाईला दुजोरा दिला. तिसऱ्याने दोघांना दिला. कोकणातल्या वाडीत दोन भावांचं बांधावरून पटत नाही, पण त्या दिवशी अख्खी वाडी एका सुरात बोलली. मुंबईला असलेल्या एकाने तर झेल्यावर फोन करून कळवलं की आपल्यालाही असंच वाटतं.

"मी जसंच्या तसं लिवतो," निघताना चौगुले गाडीला किक मारत म्हणाले. "खरं, कंपनी काय मानायची न्हाई."

कंपनीचं पत्र आलं. आप्पांनी ते ओटीवर उभं राहून, गाडी सुटल्याच्या आवाजात वाचलं.

"साक्षीदारांच्या एकमुखी जबाबानुसार सदर घटना आकस्मिक वा अनपेक्षित नव्हती, कारण बाह्य नव्हते आणि दृश्यही नव्हते. सदर घटना श्री. राखणदार, पूर्ण नाव अनुपलब्ध, राहणार गडग्याजवळ, यांनी हेतुपुरस्सर घडवल्याचे दिसून येते. सबब सदर तिसऱ्या पक्षाचा जबाब व ओळखपत्राची प्रत सादर केल्याशिवाय दाव्याचा विचार होणार नाही."

अंगणात कोंबडी कॉक करून गेली.

"आप्पा, मी दगडाचं आधार कार्ड कुठून आणू?" संदेश म्हणाला. तो रागावलाही नव्हता. रागवायलाही पायात थोडी ताकद लागते.

"घाई नाही हो," आप्पा म्हणाले, आणि पंखा एक नंबरने वाढवला. स्वतःकडचा.

दर्शना आत गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात ठेवायला लागली.

मार्ग काढला सखाराम गुरवाने. तो वाघजाईच्या देवळाची पूजा करायचा. सकाळी दुधाला म्हणून आला आणि पत्राची हकीकत ऐकून पायरीवर टेकला. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

"जबाबच हवाय ना? मग देवीला कौल लावू. राखणदार म्हणजे देवीचा चाकर. चाकराच्या वतीनं मालकिणीनं सांगितलान तर चालतं काय, तेवढं त्या साहेबाला विचार."

झेल्यावरून चौगुल्यांना विचारलं. चौगुल्यांनी रत्नागिरीच्या कचेरीत विचारलं. कचेरीने वर कुठेतरी विचारलं. उत्तर आलं: अधिकृत प्रतिनिधी चालेल.

"हा सगळा खुळचटपणा आहे," आप्पा म्हणाले. "राखणदार बिखणदार काही नसतं. नीट फॉर्म भरला असता तर मी आत्ता खेडला असतो."

हे आप्पा स्वतःच्या तोंडाने म्हणाले. संदेश आणि दर्शनाने एकमेकांकडे पाहिलं आणि कौल लावायचा ठरला.

संदेशला खुर्चीसकट उचलून देवळात नेलं. वाडी झाडून आली होती. चौगुले टोपी काढून, फाइल मांडीवर घेऊन आणि मोबाइलचा कॅमेरा चालू करून खांबाला टेकून बसले. सखारामने देवीच्या पाषाणाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या चिकटवल्या.

"साहेब, नीट बघा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. मग मागनं तक्रार नको."

"ते कॅमेऱ्यात येतंय," चौगुले म्हणाले.

सखारामने हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवी वाघजाई, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

"हा तुझा पोर संदेश, गडग्यावरनं पडलाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"विमा कंपनी म्हणते, तुझ्या चाकरानं पाडलान. तर ते खरं असंल तर उजवा दे, खोटं असंल तर डावा दे, आणि लेकराला ह्यातनं सोडव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पाकळ्या होत्या तिथेच राहिल्या. समईची वात तडतडली. संदेशची नजर डाव्या पाकळीवर खिळली होती. तिच्या पलीकडे त्याला रिकामी ओटी दिसत होती, आपल्याकडे वळलेला पंखा दिसत होता, हातातला रिमोट दिसत होता. इतकी आर्त भक्ती त्याला आजवर कधी जमली नव्हती.

"देवीचा काउंटर बंद आहे वाटतं," आप्पा पुटपुटले.

डावी पाकळी गळून पडली.

"नाय पाडलान!" कोणीतरी ओरडलं. संदेशने डोळे पुसले. चौगुल्यांनी लिहिलं: तिसऱ्या पक्षाने प्रतिनिधीमार्फत आरोप नाकारला.

प्रकरण इथेच मिटायचं. पण यमुनाबाई उठून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिची साक्ष खोटी ठरली होती, तीही देवीसमोर.

"त्यानं नाय पाडलान, मग कोणी पाडलान? तेपण विचार. तोपर्यंत मी घरी जायची नाय."

"अगो आजी, झालं की आता," संदेश कळवळला.

"पोरा, तू गप. सखाराम, विचार."

सखाराम पुन्हा पाकळ्या चिकटवायला लागला. संदेशच्या स्वतःच्याच चुकीने झालं काय? डावा. घराला कोणाची नजर लागली काय? डावा. वाडीतली कितीतरी जुनी भांडणं त्या निमित्ताने विचारून झाली, आणि देवी सगळ्यांना निर्दोष सोडत गेली. शेवटी सखारामचे हात दुखायला लागले.

"बाबा, मुळात तू गडग्यावर चढलास कशाला?"

"फोन घ्यायला."

"कोणाचा फोन?"

संदेशने मान खाली घातली. फरशीवर पडलेल्या पाकळ्यांकडे बघत तो म्हणाला, "कंपनीचा."

"कुठल्या कंपनीचा?"

संदेशने हनुवटीनेच दाखवलं. अख्ख्या देवळाने चौगुल्यांकडे पाहिलं. चौगुल्यांचं पेन थांबलं.

"आमचा?"

"तुमच्याच पोरीचा. अपघाताचा विमा वाढवून घ्या म्हणत होती."

"हे आधी का न्हाई बोलला ओ?"

"रकाना नव्हता," संदेश म्हणाला.

सखारामने घसा खाकरला. "बा देवी, म्हाराजा! तर मग हे कंपनीच्या फोनानं—"

वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली आली.

"व्हय म्हाराजा!" देवळाचं छप्पर हललं. त्या आवाजात एक आवाज चौगुल्यांचाही होता. नंतर त्यांनी फाइल छातीशी धरली, कॅमेरा बंद केला आणि इकडेतिकडे बघत सखारामच्या कानाशी लागले.

"आमच्या बदलीचं पण एक विचारता काय? कोल्हापूरला. नारळ ठेवीन."

तिथेही उजवा पडला.

पुढचं काम कंपनीच्या एका सवयीने केलं. कंपनी आपले सगळे फोन ध्वनिमुद्रित करते, 'सेवेच्या गुणवत्तेसाठी'. चौगुल्यांनी त्या दिवशीचा फोन शोधायला लावला. कचेरीत सगळ्यांनी टेबलाभोवती उभं राहून तो ऐकला. आधी त्या मुलीचा गोड आवाज: "सर, माणसाच्या पायाला कधी काय होईल, सांगता येतं का?" मग संदेशचा, अगदी मजेत: "अहो, मी कोकणातला माणूस. जांभ्यासारखे पाय आहेत माझे. माझ्या पायाला काय धाड— आईऽऽ गऽऽ!" मग धप्प. मग थोडा वेळ किंजळीवरचे पक्षी. आणि मग पुन्हा तोच गोड आवाज: "सर? सर, आपण लाईनवर आहात का?"

घटना आकस्मिक होती, अनपेक्षित होती, कारण बाहेरचं होतं. आणि ते दिसत नसलं तरी ऐकू येत होतं. चौथ्या चाकाच्या जागी कंपनीने ते चालवून घेतलं. कुठेही ओळखपत्राचा विषय न काढता, ही ध्वनिफीत बाहेर जाऊ नये अशी विनंती करून, क्लेम पास झाला.

आप्पांचे पैसे आप्पांना पोचले त्या दिवशी घरात पुरण शिजलं. आप्पांनी पिशवी भरली. डबे मूळ जागी लावू दिले. पंखा आपण होऊन संदेशकडे फिरवला.

"तुमचा पाय बरा झालेला बघून जातोय, हे बरं झालं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. संदेशलाही गलबलून आलं. जाणाऱ्या माणसाबद्दल फार चांगलं वाटतं, हे त्याला त्या घटकेला कळलं. तो आता काठी टेकत अंगणभर फिरायचा.

चौगुलेही त्याच सकाळी आले, नारळ घेऊन. बदली झाली होती. चेहरा असा उजळला होता की ओळखू येत नव्हते. त्यांनी राखणदाराच्या दगडासमोर नारळ ठेवला, हात जोडले.

"बघ," यमुनाबाई गडग्यापलीकडून म्हणाली. "घाटावरच्या साहेबानं ठेवलान. आणि हा बघ अजून."

"ठेवतो गो आजी," संदेश म्हणाला. "आप्पांची गाडी गेली की आजच ठेवतो."

तेवढ्यात झेल्यात फोन वाजायला लागला. झेला नेहमीप्रमाणे फांदीला टेकलेला, फोन वर जाळीत.

"आमच्या कंट्रोलरचा असेल," आप्पा म्हणाले. "खेडची गाडी वेळेवर आहे का, कळव म्हणून सांगितलं होतं मी." आणि पिशवी खाली ठेवून, धोतराचा सोगा सावरत, ते गडग्यावर चढायला लागले.

संदेशला दिसलं ते एवढंच: तोच गडगा, पुन्हा बसवलेला तोच चिरा, आणि त्यावर ठेवलेला आप्पांचा पाय. पुढचं सगळं त्याला एका क्षणात दिसलं. खाट, तीच उशी, तिच्यावर आप्पांचा पाय, आणि खाटेवरून येणाऱ्या घोषणा.

"आप्पाऽऽ, नकोऽऽ!"

काठी उडाली. मोडलेल्या पायाने संदेश धावला. डॉक्टरांनीही ज्याची आशा धरली नव्हती असा धावला. आप्पांनी जाळीतून फोन काढून कानाला लावला, चिरा निसटला, आणि आप्पा खाली आले. खाली संदेश पोचलेला होता.

आप्पांना खरचटलंसुद्धा नाही. ते आपल्या जावयावर अगदी आरामात बसलेले होते. जावयाचा उजवा पाय मात्र, उजवा पाय ज्या दिशेला जात नाही, त्या दिशेला गेला होता.

गवतात पडलेला फोन, त्या घरातल्या सवयीप्रमाणे, स्पीकरवरच होता.

"नमस्कार सर, आपल्या क्लेमच्या अनुभवाला आपण पाचपैकी किती गुण द्याल? सर? सर, आपण लाईनवर आहात का?"

पहिली पोचली ती यमुनाबाई. तिने खाली पाहिलं, मग चौगुल्यांकडे पाहिलं, आणि बोट नाचवत साक्ष दिली.

"लिव, साहेबा! ह्या वेळी राखणदार नाय. सासऱ्यानं पाडलान! खेडचा हाय, म्हणजे बाहेरचा. आणि दिसतोय पण, बघ केवढा!"

चौगुल्यांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. मग त्यांना आठवलं आणि तो तसाच खाली आला.

"मी सुटलो बगा ह्यातनं," ते हळूच म्हणाले. "नवीन साहेब येतील. त्यांना सगळं पयल्यापासून सांगाय लागंल. आणि तिसऱ्या पक्षाचा जबाब..."

"तिसरा पक्ष इथंच आहे!" आप्पा जावयावरून उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी संदेशचा हात दोन्ही हातांत घेतला. "माझ्यासाठी तुम्ही पाय घातलात, जावईबापू. बिलाची काळजी करू नका. मी आहे. काही घाई नाही."

संदेशने मान वळवली. वर आभाळ होतं, किंजळ होती, आणि बाजूला चौगुल्यांच्या नारळाशेजारी तो दगड होता, नेहमीसारखा गप्प.

आप्पांनी अंगणात ठेवलेली पिशवी उचलली, ओटीवर नेली, तिचं बंद सोडलं, आणि घसा साफ करून स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड केलं.

"दर्शनाऽऽ! खेडकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी!"